विमान जोडणे आणि विमान घडविणे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले हे विमान ६२ वर्षांनी सेवेतून निवृत्त झाले. यापुढे ते चौकांतील चबुतऱ्यांवर आणि वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळेल. त्याखेरीज आणखी एका ठिकाणी ते टिकून राहील, ते म्हणजे छंदिष्टांचे टेबल. मिग-२१च्या प्लास्टिकच्या सुट्या भागांचे संच जगातील अनेक कंपन्या काढतात. खोक्यात भागांच्या चौकटी, जोडणीची सचित्र पुस्तिका आणि विमानावरील खुणांचा एक कागद असतो. हे भाग कापून, घासून, चिकटवून आणि रंगवून मूळ विमानाची हुबेहूब प्रतिकृती उभी करावयाची, असा हा छंद आहे.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा छंदाचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. धाराशिव जिल्ह्यात मात्र एखाद्या घरी टपालाने असे खोके आले, तर ‘खेळण्यासाठी एवढे पैसे?’ हा प्रश्न प्रथम विचारला जाईल. पावसाच्या लहरीवर ज्यांचे वर्षाचे अंदाजपत्रक अवलंबून असते, त्यांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर दोन हिशेब मांडावे लागतील. या संचातून काय शिकता येते, हा पहिला. त्यातून काय शिकता येत नाही, हा दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा.

हाताने शिकलेले गणित

लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींमध्ये १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वाधिक प्रचलित आहेत. हे आकडे विचित्र वाटतात, परंतु त्यांचा उगम इंग्रजी मोजमापात आहे. १:७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच आणि १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. मिग-२१च्या दोन पंखांच्या टोकांमधील अंतर ७.१५ मीटर असते; १:७२ प्रमाणात ते दहा सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. लांबी ७२ पटींनी घटली की पंखांचे क्षेत्रफळ ५,१८४ पटींनी आणि आकारमान ३,७३,२४८ पटींनी घटते. आठवी-नववीतील विद्यार्थी घन आणि वर्ग यांतील हा फरक पाठ करतो. प्रतिकृती जोडणाऱ्याला तो बोटांना जाणवतो. जोडावर राहिलेली पाव मिलिमीटरची फट मूळ विमानावर अठरा मिलिमीटरची झाली असती, हे कळले की पॉलिश पेपर पुन्हा हाती घ्यावाच लागतो.

कामाच्या क्रमाचे शिक्षण याहून मोलाचे. विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत येते. ते जुळविण्यापूर्वी वैमानिकाची बैठक, समोरच्या उपकरणांची पाटी आणि आतील भिंती रंगवून घ्याव्या लागतात. एकदा धड बंद झाले की ब्रश आत जात नाही. मिग-२१सारख्या विमानाला पुढे एक चाक आणि मागे दोन असतात. प्रतिकृतीचे बहुतेक प्लास्टिक मागच्या भागात असल्यामुळे नाकात वजन घातले नाही तर ती शेपटीवर बसते. ते वजनही धड बंद करण्यापूर्वीच घालावे लागते. सायकलच्या दुकानातील चार छर्रे या कामी पुरतात. पण ते विसरले, तर महिनाभराच्या मेहनतीनंतर तयार झालेले विमान मागे कलंडते. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे त्यानंतर कोणास सांगावे लागत नाही.

चिकटविण्याचा द्रावदेखील समजून घेण्याजोगा आहे. तो डिंकाप्रमाणे दोन वस्तूंच्या मध्ये राहत नाही. तो पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो आणि दोन्ही भाग एकजीव झाल्यावर स्वतः उडून जातो. त्याची वाफ नाकातोंडात जाणे अपायकारक असल्यामुळे हे काम उघड्या खिडकीजवळ बसून करावयाचे असते. त्यानंतर सांध्यांत पुट्टी, मग घासणे, मग अस्तराचा रंग, मग प्रत्यक्ष रंग, आणि शेवटी पाण्यात भिजवून अलगद सरकवावयाच्या खुणा. घाई केली की प्रत्येक टप्प्यावर दंड भरावा लागतो. प्रयोगशाळेतील अनेक प्रयोग उत्तर आधी ठाऊक असल्यामुळे निर्जीव होतात. येथे चूक डोळ्यांना दिसते आणि ती स्वतःलाच दुरुस्त करावी लागते.

पहिला हिशेब असा संचाच्या बाजूने लागतो. पण त्यावरच थांबणे म्हणजे अर्धेच गणित सोडविणे होय.

साचा कोणाचा?

जोडणाऱ्याने कितीही कौशल्य दाखविले, तरी त्याच्या हाती आलेला प्रत्येक भाग दुसऱ्या कोणी तरी आखलेला असतो. मूळ विमान मोजून त्याचे आराखडे कोणी तरी तयार केले. त्याचे कोणते भाग पाडावेत आणि कोठे पाडावेत, हे कोणी तरी ठरविले. त्यानंतर पोलादाच्या ठोकळ्यात त्या भागांची उलटी आकृती कोरली गेली. हाच साचा. दोनशे अंश सेल्सियसहून अधिक तापविलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने या साच्यात सोडले की काही सेकंदांत भागांची चौकट तयार होते. विमानाचे रूप, त्याच्या अंगावरील रेघ न् रेघ, सारे साच्यात असते. प्लास्टिक केवळ ते रूप धारण करते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवसायाचे सारे रहस्य येथे आहे. संचातील प्लास्टिकची किंमत अल्प असते. साच्याची मोठी असते. समजा, एका साच्यासाठी ४० लाख रुपये लागले. त्यातून ४,००० संच विकले गेले, तर प्रत्येक संचावर साच्याचा एक हजार रुपयांचा भार पडेल. ४०,००० विकले गेले, तर तो शंभर रुपयांवर येईल. म्हणजे पहिला संच सर्वांत महाग आणि नंतरचा प्रत्येक स्वस्त. ज्याच्यापाशी साचा आहे आणि त्यापुढे विस्तृत बाजारपेठ आहे, त्याचीच या धंद्यात सत्ता चालते.

साचा हे किती टिकाऊ भांडवल आहे, हे या उद्योगाच्या इतिहासावरून दिसते. प्लास्टिकच्या विमानांचे पहिले संच १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या नावाने निघाले. चाळीस वर्षांनी तो व्यवसाय बंद पडला, तेव्हा त्याचे पुष्कळसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तेथील कारखान्यांतून तेच संच दुसऱ्या नावाने बाहेर पडू लागले. ‘एअरफिक्स’ या विख्यात ब्रिटिश कंपनीचे १९८१ साली दिवाळे निघाले. परंतु तिचे साचे नव्या मालकांकडे गेले आणि नावासह उद्योग पुन्हा उभा राहिला. कंपन्या बुडाल्या, मालक बदलले, देश बदलला. साचा मात्र कमावीत राहिला.

जपानमधील शिझुओका शहराचे उदाहरण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. जपानमध्ये तयार होणाऱ्या प्लास्टिक प्रतिकृतींपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल या एका परिसरातून येतो. हे गाव मुळात सुतारकामाचे आणि लाकडी कलाकुसरीचे. १९२४ साली तेथे निघालेली ‘आओशिमा’ ही संस्था लाकडी विमाने तयार करीत असे, आणि तिच्या नावातच ‘शैक्षणिक साहित्य’ असा शब्द आहे. ‘तामिया’ ही आज जगभर मान्यता पावलेली कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. १९६० साली तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लास्टिक संच काढला, तेव्हा स्पर्धेत किंमत उतरवावी लागल्याने साच्याचा खर्चही निघाला नाही. कंपनीने हाय खाल्ली नाही. ती साच्याच्या विद्येच्या मागे लागली. एक कारागीर वस्ती, शाळांना लागणारे साहित्य आणि साच्याचे ज्ञान, एवढ्या सामग्रीवर हे शहर पुढे आले. तेथे तेलाची खाण सापडली नव्हती.

ओझरचा धडा

प्लास्टिकच्या खेळण्यावरून हा एवढा विस्तार कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु ज्या मिग-२१ची प्रतिकृती टेबलावर जोडली जाते, ते खरे विमानही आपल्या देशात प्रथम संचाच्या रूपानेच आले, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात नसते.

१९६२ साली सोव्हिएत संघाशी मिग विमानांचा करार झाला. १९६४ साली नाशिकजवळ ओझर येथे कारखाना स्थापन झाला, तेव्हा संरक्षणमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. प्रारंभी मोठे भाग तयार स्थितीत येत आणि ते येथे जुळविले जात. नंतर सुटे भाग येऊ लागले. त्यानंतर, १९७०च्या दशकाच्या आरंभी, कच्च्या मालापासून विमान तयार करण्यापर्यंत मजल गेली. ओझरच्या कामगारांनी शेकडो मिग-२१ विमाने बांधली. ज्या माळरानावर काल द्राक्षे आणि बाजरी पिकत होती, तेथे ध्वनीहून वेगवान विमाने तयार होऊ लागली, ही कामगिरी लहान नव्हती. २००० सालच्या करारानंतर सुखोई-३० विमानांच्या बाबतीतही ओझरने हीच पायऱ्यांची वाट चोखाळली.

तथापि आराखडा दुसऱ्याचा होता. कच्च्या मालापासून भाग घडविता येणे आणि तो भाग तसाच का असावा हे ठरविता येणे, या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या आपल्याकडे नव्हतीच, असेही नाही. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर येथे आखलेले ‘मारुत’ हे विमान १७ जून १९६१ रोजी उडाले होते. त्याला शोभेल असे इंजिन मात्र मिळाले नाही, आणि तो धागा पुढे तुटला. मिग-२१ची जागा घेऊ शकेल अशा स्वदेशी हलक्या विमानाच्या योजनेस १९८३ साली मंजुरी मिळाली. ‘तेजस’चे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि हवाई दलात ते २०१६ साली दाखल झाले. मंजुरीपासून सेवेपर्यंत ३३ वर्षे लागली.

या विलंबाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. मे २०१२मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली होती आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले होते. अपघातांची कारणे अनेक असतात. त्या सर्वांचे खापर एकाच गोष्टीवर फोडणे अन्यायाचे होईल. पण नवे विमान वेळेवर आले नाही म्हणून जुने विमान उडवीत राहावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. ज्याच्याजवळ स्वतःचा साचा नाही, त्याला दुसऱ्याच्या वेळापत्रकाने चालावे लागते. आजही ‘तेजस’ला लागणारे इंजिन अमेरिकेतून येते, आणि ते उशिरा आले की विमानेही उशिरा तयार होतात. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे बांधलेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ आकाशात झेपावले, हा आनंदाचा दिवस खराच. जेथे एकेकाळी दुसऱ्याचे विमान जुळविले गेले, तेथे आता आपल्या आराखड्याचे विमान तयार होत आहे. पण प्रवास संपलेला नाही, एवढेच इंजिनाचे उदाहरण सांगते.

टेबलावरील संचाची कथा तर याहून विलक्षण आहे. मिग-२१चा १:४८ प्रमाणातील नावाजलेला संच आज चेक प्रजासत्ताकातील एक कंपनी काढते. विमाने बांधली ओझरने, उडविली आपल्या वैमानिकांनी; त्यांची प्रतिकृती मात्र नाशिकच्या किंवा धाराशिवच्या मुलाने परक्या साच्यातून जोडावयाची!

तेर आणि परांडा

साच्याची विद्या या मातीला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. धाराशिवपासून जवळच असलेले तेर हे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती आहेत. त्या काळचे तेरचे कारागीर पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घडवीत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात दाबून, दोन्ही अर्धे जुळवून आतून पोकळ मूर्ती तयार होई. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जुळविणाऱ्या विद्यार्थ्याने या मूर्तींच्या कडेचा सांधा एकदा बारकाईने पाहावा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्याच जिल्ह्यातील कारागिरापुढे हाच प्रश्न होता, आणि साचाही त्या कारागिराचा स्वतःचा होता.

परांड्याच्या किल्ल्याची हकिगत याच्या उलट आहे. आज विजापूरला असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ एके काळी परांड्यास होती. ती १५४९ साली अहमदनगर येथे निजामशाहीच्या सेवेतील तुर्की तज्ज्ञ मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. १६३२ साली आदिलशाहीने ती परांड्याहून विजापूरला नेली. तोफ कोणाच्या बुरुजावर आहे यावर त्या दिवसाचे युद्ध ठरत असेल. परंतु अशी तोफ ओतणारा माणूस आणि त्याचे शिष्य कोणाच्या राज्यात आहेत, यावर पुढील पन्नास वर्षे ठरतात. तयार शस्त्र नेता येते, जिंकता येते, विकतही घेता येते. विद्या मात्र शिकावीच लागते.

जिल्ह्याने काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खेळण्यांवरील आयातशुल्क केंद्र सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेले. जोडणीचे संचही याच वर्गात मोडतात. बाल्यावस्थेतील उद्योगाला संरक्षण द्यावे, हा अर्थशास्त्रातील जुना आणि आदरणीय सिद्धांत आहे. सरकारी माहितीनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. परंतु शुल्काची भिंत बांधल्याने आतील रोप आपोआप वाढत नाही. त्यासाठी साचा कोरणारे हात तयार व्हावे लागतात. ते झाले नाहीत, तर संरक्षणाचा अर्थ एवढाच उरतो की, परदेशी संच महाग झाला आणि धाराशिवच्या मुलापासून आणखी दूर गेला.

म्हणून प्रत्येक मुलाला महागडा संच घेऊन द्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. शाळेने एक संच घ्यावा आणि दहा मुलांनी मिळून तो जोडावा. तो जोडून काचेच्या कपाटात ठेवला की काम संपले, असे मात्र मानू नये. कोणता भाग कोठे विभागला आहे आणि का, साच्यातून तो सहज सुटावा म्हणून त्याच्या कडांना उतार कसा दिला आहे, याची चर्चा वर्गात व्हावी. त्यानंतर मुलांनी आपल्या परिसरातील वस्तू मोजावी. परांड्याच्या बुरुजावरील तोफ, नळदुर्गचा पाणीमहाल, बैलगाडीचे चाक, काहीही चालेल. तिचा प्रमाणबद्ध आराखडा काढावा आणि पुठ्ठ्यात, मातीत किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये तिची प्रतिकृती स्वतः काढलेल्या साच्यातून घडवावी. नीती आयोगाच्या अटल प्रयोगशाळा ज्या शाळांना मिळाल्या आहेत, तेथे त्रिमितीय छपाईचे यंत्रही असते. त्यावर इतरांनी केलेली तयार आकृती छापणे म्हणजे पुन्हा संच जोडणेच होय. स्वतः मोजलेली वस्तू त्यावर उतरली पाहिजे.

याच्या पुढची वाटही बंद नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा व्यवसाय शिकविला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत ‘इंडो-जर्मन टूल रूम’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. साचे तयार करण्याची शास्त्रशुद्ध विद्या मराठवाड्यातच उपलब्ध आहे. परंतु दहावीनंतर काय, या प्रश्नाला आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, डी.एड. आणि स्पर्धा परीक्षा अशी ठराविक उत्तरे दिली जातात. साचा कोरणाऱ्याच्या हाताला पोलादात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता लागते आणि त्या हाताची उद्योगांना सदैव गरज असते, ही गोष्ट शिक्षकांनीच पालकांना सांगावयास हवी.

लढाऊ विमानाची प्रतिकृती मुलांच्या हाती देऊन आपण युद्धाची गोडी लावतो काय, असाही एक आक्षेप आहे. तो विचारात घेण्याजोगा आहे. त्यावर उपाय म्हणजे विमानाच्या सौंदर्याबरोबर त्याची संपूर्ण हकिगत सांगणे. ज्या मुलाला मिग-२१ची गती ठाऊक आहे, त्याला त्या १७१ वैमानिकांची संख्याही ठाऊक असावी. त्या विमानाला निवृत्त होण्यास इतका उशीर का लागला, हेही त्याने विचारावे. त्या प्रश्नाच्या उत्तरात सैन्यापेक्षा कारखान्याची, आणि कारखान्यापेक्षा शाळेची जबाबदारी अधिक निघेल.

धाराशिव हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील जिल्हा आहे. येथील मुले कामाला कमी पडत नाहीत. पुण्याच्या आणि सोलापूरच्या कारखान्यांत ती दुसऱ्याने पाठविलेले भाग दुसऱ्याने सांगितलेल्या क्रमाने उत्तम जोडतात. त्यांच्यापैकी दहा जणांनी जरी भागांचा आराखडा स्वतः काढण्याचे ठरविले, तरी एका संचावर खर्च झालेले पैसे वसूल होतील. त्याची सुरुवात शाळेच्या एका टेबलावर, एक मोजपट्टी, एक टोक केलेली पेन्सिल आणि तेरच्या मूर्तीच्या कडेवरील तो सांधा, एवढ्यावर करता येण्याजोगी आहे.